चष्म्यातला तडा

पुलाला तडा दिसला की मी आधी गाडी थांबवतो, खरा-खोटा मग बघतो. हसायचं तर हसा!

इस्लापूरच्या रस्त्यावर आम्हा इंजिनिअरांना पूल तपासायचं ट्रेनिंग होतं. पुण्याच्या मॅडमनी एक चष्मा आणला होता. तो लावला की खऱ्या पुलावर बनावट तडे दिसायचे, ते आपण हुडकायचे. मी लावला, तर पुलाच्या मधोमध हात जाईल एवढा तडा! तेवढ्यात एसटी आली. मी सरळ तिच्या आडवा गेलो.

"थांबा! पूल फुटलाय!"

सगळी बस खाली उतरली. मॅडम पळत आल्या.

"अहो, तडा फक्त चष्म्यात आहे!" म्हणत त्यांनी चष्मा कंडक्टरला लावला.

"हाव, लई मोठा हाय की," कंडक्टर म्हणाला.

"आता काढून बघा. दिसतो का?"

"न्हाई. पण माझा चष्मा काढला की मला तिकिटावरचंबी दिसत न्हाई मॅडम. म्हणून काय ते छापलेलं नसतंय?"

झालं! सगळे पायीच पूल ओलांडायला निघाले, मागून रिकामी बस. मॅडम मला बोलत बोलत सोबत चालून राहिल्या होत्या. पण तड्याची जागा आली, तशा त्या कठडा धरून कडेकडेनं गेल्या.