अप्पांची शाल आणि पूजाचा माईक

माझ्या पूजाचं सांगते, ऐका. पोरीला कबड्डीचं वेड, आणि टीव्हीवर सामन्यांची कॉमेंट्री करायची एवढंच डोक्यात. एका चॅनेलनं तिच्या आवाजाचा नमुना मागितला. म्हणून चिटगुप्प्याच्या सामन्यात तिनं माईक धरला, आणि मी मोबाईलवर रेकॉर्ड करायलते. शेवटची रेड, दोन्ही संघ बरोबरीत. तेवढ्यात सामने भरवणाऱ्या कमिटीचे अप्पा शाल घेऊन मैदानातूनच पाहुण्याच्या सत्काराला निघाले. आमच्याकडं सत्कार म्हटला की खेळ थांबतोच.

पूजा थांबली न्हाई. "अप्पा एकटेच आत शिरलेत, हातात शाल, दम चांगला दिसायलाय. धरा, कुणीतरी धरा!" बाद होऊन बसलेल्या एका गड्यानं त्यांना खरंच कमरेला धरून बाहेर नेलं. लोक हसून लोळायले.

संध्याकाळी अप्पा माझ्या दारात. "अक्का, पोरीनं माझी इज्जत काढली. ते रेकॉर्डिंग पुसा."

"कामून पुसू? रेड चालू असताना आत शिरलात, धरले गेलात."

तोच नमुना पाठवला. चॅनेलवाल्यांनी पूजाला कामावर घेतलं. आता अप्पा गावभर सांगायलेत, "त्या पोरीला मीच पुढं आणलं."

मी म्हणते, व्हय अप्पा, शालीसकट.