मी ‘सोड’ म्हणाले त्याबाबत

मी, खाली सही करणारी, घरीदारी सगळे ‘आजी’ म्हणतात ती, वय कागदावर एकाहत्तर, खरं किती ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही, धंदा पूर्वी शिवणकाम, सध्या नातीची आजी, राहणार मुलाकडे, बस डेपोच्या मागची इमारत, दुसरा मजला. पोलीस ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे.

मला यंदा नात झाली. मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर झाली, त्यामुळे आमच्या घरात तिच्याशिवाय दुसरा विषय नाही. हसते तेव्हा आधी डोळे हसतात, तोंड मागाहून येतं. केस असे उभे, जणू कोणी दचकवलंय. हवालदारसाहेब म्हणतात, हे गुन्ह्याशी संबंधित नाही. संबंधित आहे, म्हणूनच सांगते.

नात झाली आणि त्याच सुमारास माझं चक्करचं दुखणं सुरू झालं. कूस बदलली की खोली फिरायची. बंद पंखा फिरताना दिसायचा. वर फळीवरचा डबा काढायला मान उचलली की भिंत अंगावर यायची. त्यामुळे मुलगा मला मुलीला हातात घेऊ देत नसे. “आई, तुझा नेम नाही,” म्हणायचा. त्यात त्याची चूक नाही. सून दारात उभी राहून मला ती दाखवायची, दुकानातली बाहुली दाखवतात तशी. मी पलंगावर बसून बघायची.

मग ओकाऱ्या थांबेनात, पोटात पाणीसुद्धा टिकेना, तेव्हा मुलानेच मला उचलून इस्पितळात नेलं. हेही लिहा. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दिवसभर अंधाऱ्या विहिरीत लोंबकळल्यासारखं काम. ते टाकून आला आणि मला दोन्ही हातांवर उचलून जिना उतरला. वाईट मुलगा नाही तो.

कानाच्या वॉर्डात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत बारीक खडे असतात, डोळ्याला दिसत नाहीत एवढे, ते जागेवरून सुटून भलत्या नळीत शिरलेत. मी म्हटलं, डॉक्टर, पोटातले खडे ऐकले होते, मूत्राशयातले ऐकले होते, आता कानही मागे राहिला नाही म्हणायचा. आमचा वॉर्ड म्हणजे न पिता झिंगलेल्यांचा. पलीकडच्या कॉटवर एक मास्तरीणबाई होत्या, भिंत धरून चालायच्या आणि भिंतीलाच म्हणायच्या, “जरा स्थिर उभी राहा गं.”

ज्या सिस्टरचं हे प्रकरण आहे ती दिवसपाळीची. बारीक अंगाची, आवाज मात्र भरदार. ती आम्हाला कधी पाठीमागून हाक मारायची नाही. कितीही घाईत असली तरी वळसा घालून समोर यायची आणि मग बोलायची, कारण हाक ऐकून आम्ही झटकन मान वळवणार आणि आडवे होणार. आमच्या चपला चालायच्या वाटेत कधी पडू द्यायची नाही. संडासाला न्यायचं तर आधी कुशीवर करायची, मग बसवायची, पाय खाली सोडून जरा थांबवायची, “दाराच्या कडीकडे बघा, आजी, कडी पळून जाणार नाही,” असं म्हणायची, आणि मगच उभं करायची. मला घाई व्हायची. मी म्हणायची, अगं कडी नाही पळणार, पण दुसरं काहीतरी होईल! ती हसायची, पण सोडायची नाही.

सलाईन लावून मी जरा धड झाल्यावर खडे जागेवर बसवायचा उपाय करायचा ठरला. पहिल्या वेळी डॉक्टरांनी स्वतः केला, थोडा फरक पडला. दुसऱ्या वेळी त्यांच्या सांगण्यावरून सिस्टरने करायचा होता. तो उपाय असा, की पलंगावर बसवतात, मान एका बाजूला वळवतात आणि धरून एकदम मागे उताणं पाडतात, डोकं पलंगाच्या कडेखाली लोंबतं राहील असं. मग तसंच धरून ठेवतात. त्या वेळात चक्कर येते ती नेहमीच्या चौपट. ती येऊन गेल्यावर मान दुसरीकडे वळवतात, मग कुशीवर, मग बसवतात.

सिस्टरने सुरुवात करण्याआधी मला समोर बसून सांगितलं. तिचे शब्द मला आठवतात. “आजी, आता चक्कर आपण मुद्दाम आणणार आहोत. वाटेल मरते. मरत नाही. तुम्ही ‘सोड’ म्हणाल, सगळेच म्हणतात. अर्ध्यात सोडलं तर मानेला हिसका बसेल आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. काय करू, सोडू?” मी म्हटलं, नाही सोडायचं. मी शिव्या दिल्या तरी नाही सोडायचं. मला नातीला उचलायचंय. ती म्हणाली, “शिव्या नव्या असतील तर द्या, जुन्या सगळ्या या वॉर्डात ऐकून झाल्यात.”

माझी सून तेव्हा नातीला घेऊन वॉर्डाच्या दारात उभी होती, कारण लहान मुलाला आत आणू देत नाहीत. सिस्टरने तिलाही जाऊन सांगितलं, “सासूबाई ओरडतील, घाबरू नका, घरच्यांनाही सांगून ठेवा.” सुनेने मान हलवली. हे मी पाहिलं. सून आता म्हणते की तिला आठवत नाही. तिचं मूल अंगावर पितं, तिला त्याच घरात राहायचंय, मी समजून आहे. पण लिहा.

मग सिस्टरने मला मागे पाडलं. पुढचं सांगायला लाज वाटते. छत पायाकडे गेलं, पलंग डोक्यावरून गेला, आणि मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, “सोड मला, सोड! मारलं गं मला, मारलं!” हे शब्द माझेच. वॉर्डातल्या ज्यांनी ज्यांनी ऐकले म्हणून सांगितलं, त्यांनी खरं सांगितलं.

त्याच वेळी मुलगा कामावरून आला. जिन्यातून माझा आवाज ऐकून धावत आला.

साहेबांनी विचारलं, तुम्ही मारताना डोळ्यांनी पाहिलं का? नाही. माझे डोळे गरगरत होते, मला एक माणूस दहा दिसत होता. पण आवाज माझ्या कपाळाजवळ झाला. फाटकन. आणि “माझ्या आईला हात लावतेस?” हे कोण म्हणालं, ते ओळखायला मला डोळे लागत नाहीत. तो आवाज बोबडा असल्यापासून मी ऐकत आलेय.

सिस्टरचे दोन्ही हात माझ्या डोक्याखाली होते. त्या हातांना हिसका बसला, तो मला कळला. मला वाटलं आता डोकं पडतं. पडलं नाही. बोटं उलट घट्ट झाली. मुलगा तिचा दंड ओढत होता, तेही मला तिच्या हातांतून कळत होतं. वॉर्डातल्या सफाईच्या मावशी मध्ये पडल्या, “अरे बाबा, ती उपाय करतेय!” म्हणून ओरडल्या. सिस्टर एवढंच म्हणाली, “थोडं राहिलंय, आजी.” मग तिने माझी मान दुसरीकडे वळवली, मला कुशीवर केलं, उठवून बसवलं. माझे पाय खाली सोडले. आणि मग ती स्वतः खाली फरशीवर बसली.

मी बसले होते आणि काही फिरत नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खोली जागच्या जागी उभी होती, आणि त्या खोलीत मला दिसलं ते असं, की सिस्टरच्या डाव्या कानातून रक्ताचा ओघळ आलाय, ती उठायला बघतेय आणि उठता येत नाही म्हणून औषधांच्या टेबलाचा पाय धरतेय. मुलगा तिच्यासमोर उभा होता. हात अजून अर्धा वरच होता. तो कुठे ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं.

सिस्टरच्या कानाचा पडदा फाटलाय. ती आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या कॉटवर आहे, कठडा धरून पडून असते. मी घरी निघताना तिच्याकडे गेले. समोरून गेले. तिने विचारलं, “चक्कर?” मी म्हटलं, गेली गं. ती म्हणाली, “बघा, बसले ना खडे.” पुढे ऐकू किती येईल, हे डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. चक्करवाल्यांना तोलून धरायचं तिचं काम. तिला कोण तोलून धरतंय, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मला नात हातात मिळाली. अख्खी दुपार मांडीवर होती, माझं बोट धरून झोपली. त्या दिवसाबद्दल मी कितीही सांगू शकते, पण साहेबांच्या हाताला रग लागलीय.

माझ्या मुलाने उलट तक्रार दिलीय, की सिस्टर आईवर जबरदस्ती करत होती आणि आई वाचवा म्हणून ओरडत होती. आज सकाळी निघताना तो मला म्हणाला, “आई, तुला खोटं बोलायला सांगत नाही मी. तू ‘सोड’ म्हणालीस की नाही? तेवढंच सांग. त्याच्यापलीकडे काही बोलू नकोस.” मी विचारलं, आणि बोलले तर? तो म्हणाला, “मग माझी नोकरी जाईल, मी आत जाईन, आणि तू सिस्टरकडेच राहायला जा.” सून भांडी आवरत होती, तिने नळ मोठा सोडला.

आत्ता मध्येच पाणी प्यायला मी बाहेर गेले होते. मुलगा बाकावर बसलाय, नात त्याच्या मांडीवर. मला बघून ती हसली. मी हात पुढे केले. त्याने तिला उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, तोंड भिंतीकडे करून. म्हणाला, “आधी आतलं काम संपव.”

तर संपवते. मी ‘सोड’ म्हणाले. त्याआधी, शुद्धीत, समोरासमोर, ‘सोडू नकोस’ असंही मीच म्हणाले होते. तिने माझं पहिलं ऐकलं. सिस्टरने मला मारलं नाही, दुखवलं नाही, जबरदस्ती केली नाही. तिला मारलं तेव्हा ती मला धरून होती, म्हणून तिला स्वतःचा कान झाकता आला नाही. एक हात काढला असता तर झाकला असता.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही असं लिहायची पद्धत आहे, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, दबाव बाहेर बाकावर बसलाय, पण जबाब माझा आहे, असं लिहा.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, चष्मा नव्हता म्हणून सावकाश वाचायला लावला. त्यात मारणाऱ्याला एका ठिकाणी ‘सदर इसम’ लिहिलं होतं. ते खोडून घेतलं, ‘माझा मुलगा’ लिहून घेतलं आणि खोडल्या जागी सही केली. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.