पैनगंगेच्या ओटीतला नारळ

…अन् वरून म्हणतात, मापाऱ्याची नवी बायको बोलतच नाही हो, मुकी आहे का काय! आता तुम्हीच सांगा बायांनो, बोलू कधी? आमच्या घरात कोणी बोलत नाही, आमच्या घरात तोलतात! भाकर खाता खाता तोलतात, खाटेवर पडल्या पडल्या तोलतात… नवरा पडला मापारी, दिवसभर शेटजीच्या वखारीत कापसाचे बोजे काट्यावर चढवायचे अन् उतरवायचे, अन् सांजच्याले घरी आलं तरी हात काही खाली येत नाहीत.

पण चूक त्यांची नाही, माझ्या बापाची आहे. अकोल्याच्या बाजारात वांगी विकणारा माणूस तो. त्याले कोणी सांगितलं, मुलगा कापसाच्या धंद्यात आहे. झालं! समुद्रापल्याड कुठं तरी दोन भाऊ भांडून राहिले म्हणे, त्यांचा कापूस अडला, अन् विलायतेचा साहेब आपल्या वऱ्हाडात पदर पसरून उभा! अमरावतीकडं म्हणे लोक बैलांच्या शिंगाले चांदी मढवून राहिले. मंग बाप कशाले थांबते? विचारलं, काम कुठं? सांगितलं, पैनगंगेच्या या काठाले, वऱ्हाडात. बापानं मान डोलावली, सुपारी फोडली, उठला. अन् घर कुठं हे विचारायचं राहूनच गेलं!

घर त्या काठाले. मोगलाईत!

मले कधी कळलं? वरातीत! बैलगाडीतून उतरवलं अन् डोंग्यात बसवलं तेव्हा. हळद अंगाले, मुंडावळ्या डोक्याले, अन् सहदेव डोंग्यावाला म्हणते, "वैनी, मधात बसा, नाहीतर कलंडन." इकडं साहेबाचा कारभार, तिकडं निजामाचा. इकडचा रुपया तिकडं नाक मुरडते, तिकडचा रुपया इकडं कोणी हातात घेत नाही. अन् त्या काठाले उतरलं की समोर करोडगिरीचा नाका. जकातीचा हो! पहिल्याच दिवशी नाकेदारानं माझ्या रुखवताची परात वाजवून पाहिली. "नवी है क्या?" म्हणते. परात नवी, का मी, कोणाले ठाऊक.

मंग सुरू झालं तोलणं. रोज जेवण झालं की हे अंगणात बसत, दोन्ही तळहात आभाळाकडं उघडे, जशी दोन पारडी. "माय, एका पारड्यात हे घर. आपलं घर, आपली विहीर, आपली वांग्याची वाडी." डावा हात खाली. "दुसऱ्या पारड्यात रोजचा डोंगा, रोजचा नाका, अन् रात्र होते ते." उजवा हात खाली. "पण तिकडं राहाले जायचं तं गोठ्याचंही भाडं राजवाड्याचं झालं." डावा खाली. "पण कापूस आहे तवरच काम आहे." उजवा खाली. मंग सासूबाई, पार्बताबाई त्यांचं नाव, चुलीजवळून एक ढेकूळ टाकत, "अन् मी? मले कोणत्या पारड्यात टाकतं रे?" की दोन्ही हात पुन्हा सारखे! हे दिवा मालवत, अन् म्हणत, "काटा मधातच."

काटा मधातच! रोज! मी भांडी घासता घासता ऐकत होती. मले कोणी विचारलं नाही, बाई, तुझं वजन कोणत्या पारड्यात? नवी सून म्हणजे काय, दोरी. पारडी दोन्हीकडं तिच्याच जिवावर लोंबतात, पण दोरीचं वजन कोण धरते?

अन् तो नाका! हे दिवसभर कापसात, म्हणजे डोक्याले कापूस, भिवईले कापूस, मिशीले कापूस. नाकेदार रोज वाट पाहत बसलेला. "आओ मापारी! आज मूछाँ में कित्ती कपास लाए?" अन् खरोखर झाडून घ्यायचा हो! म्हणे परमुलखातला माल निजाम सरकारच्या हद्दीत शिरून राहिला. ह्यांनी एकदा म्हटलं, "साहेब, हा तं तुमच्याच मोगलाईतला कापूस, सकाळीच गाडीतून तिकडं गेला." तं म्हणते, "गया वो अलग, आया वो अलग." यातूनही जो वाचत होता तो कानामागचा. तो सासूबाई चिमटीनं काढून देवाच्या वाती वळत. आमच्या देवापुढं चोरीच्या मालाचा दिवा जळत होता, अन् देव काही बोलत नव्हता. माझ्यासारखाच.

मंग आला भर हंगाम. गाड्याच गाड्या, रात्रीही काटा चालू. हे म्हणाले, "आता मी तिकडंच वखारीत निजतो, बाजाराच्या दिवशी येत जाईन." गेले! आता सांगा, माझं लग्न कोणाशी झालं? सासूबाईंशी! त्यांच्याच संगं जेवा, त्यांच्याच संगं वांगी तोडा, त्यांचेच पाय चेपा. हंगाम सरेपर्यंत मी नवऱ्याचं तोंड विसरली असती. मिशी आठवत होती, पण तीही कापसासकट.

म्हणून मी एक दिवस बोलली. लग्नानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "त्यांची भाकर मी नेऊन देऊ?"

सासूबाई माझ्याकडं पाहतच राहिल्या. मंग म्हणाल्या, "जाय. पण नारळ घेऊन जाय."

"नारळ?"

"नव्या नवरीनं वरीसभर नदी रिकाम्या हातानं ओलांडू नये, जयवंते. तिची ओटी भरावी. नाही भरली तं मंग ती तुझ्या ओटीकडं पाहते."

आता हे ऐकल्यावर कोणाची छाती होते नाही म्हणायची? पण नारळ काय वांगं आहे, वाडीत गेलं अन् तोडलं? थेट दर्याकाठावरून बैलांच्या पाठीवर हिंदकळत येते बिचारा! एक मिळाला. मी त्याच्या शेंडीले माझ्या हिरव्या लुगड्याचा धागा बांधला, आपली निशाणी म्हणून, नदीले कळावं की कोणाची ओटी आहे. अन् निघाली.

नाक्यावर नाकेदार उभा. "ये नारियल किधर?"

मी पदर ओढला. सहदेव बोलला, "गंगेले वाहाचा आहे, साहेब."

"कौनसे बाजू वाहते? इधर के पानी में वाहे तो माफ. बीच के आगे गया तो माल सरहद पार गया, महसूल लगता."

म्हटलं जाऊ द्या, इकडच्याच पाण्यात सोडू. हात खाली नेला, तं काठावरून सासूबाई ओरडल्या, "मधात टाक वो, मधात! काठावर ओटी भरतात का कोणाची?" म्हणजे इथंही मधातच! अन् नाकेदार म्हणते, बीच बोले तो आधा महसूल. भरला. नारळ टाकला, हात जोडले, वखारीच्या दाराशी गेली. आत सारे बाप्पे, गडीमाणसं. नवी सून आत कशी जाईल? सहदेवाच्या हाती भाकर दिली, कवाडाच्या फटीतून ह्यांची पाठ पाहिली. पांढरी पाठ. तेवढ्यावर परत आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळ पाहिजे. कुठं मिळन? सहदेव म्हणते, "वैनी, माझ्याकडं आहे की! घ्या." घेतला. ओला. पाहते तं शेंडीले हिरवा धागा!

मी नारळाकडं पाहिलं. मी सहदेवाकडं पाहिलं. तो नदीकडं पाहून राहिला. म्हणते, "मी काय करू वैनी? गंगामाय ठेवूनच घेत नाही. खाली माझं जाळं असते, त्यात येऊन बसते आपल्या मनानं."

विकत घेतला, नाक्यावर जकात भरली, मधात टाकला. तिसऱ्या दिवशी तोच. चौथ्या दिवशी तोच. बायांनो, माझ्या देखत तो नारळ म्हातारा झाला! कुंकवाचे थर चढले, आत पाणी वाजायचं बंद झालं. त्या एका नारळानं निजाम सरकारले जेवढी जकात दिली तेवढी कापसाच्या गाडीनं दिली नसन. नाकेदार तं त्याले ओळखून सलाम करायचा, "आओ मियाँ!"

मंग आला बाजाराचा दिवस. हे घरी आले. जेवले. अंगणात बसले. दोन्ही हात वर! "माय, एका पारड्यात हे घर, विहीर, वाडी…" डावा खाली. "दुसऱ्या पारड्यात…"

मले काय झालं कोणास ठाऊक. सांजच्याले सहदेवाकडून उद्यासाठी घेऊन ठेवलेला नारळ मी कोनाड्यातून आणला अन् त्यांच्या उजव्या हातात ठेवला. हात धपकन खाली गेला.

"हे काय?" त्यांनी नारळ फिरवून पाहिला. "अरे, हा तं मी येताना सहदेवाच्या डोंग्यात पाहिला. धाग्याचा. याचं काय?"

सासूबाई बोलल्या. "काय म्हणजे? नदीची ओटी भरल्याबिगर ती तुझी भाकर कशी नेईल?"

"भाकर ही आणते?" हे माझ्याकडं पाहून राहिले, लग्नात पाहिलं नाही एवढं. "मी तं समजलो, सहदेव आणते!"

हात पुन्हा वर आलाच नाही. नारळ तसाच मांडीवर, अन् अंगठा त्या धाग्यावर. मंग म्हणाले, "माय, आपण तिकडं राहाले जाऊ."

हलला! काटा हलला! आत जाऊन तोंडात पदर कोंबला मी.

गेलो. नाक्यावर नाकेदारानं जात्यावर जकात घेतली, पाट्यावर घेतली, खाट उलटी करून पाहिली. सासूबाईही निघाल्या. "मी काय इथं एकटी घुबडासारखी राहू? घर रिकामं नाही राहत, केली मी त्याची सोय," म्हणाल्या. कोणती सोय, कोणी विचारलं नाही. आमच्या घरची खोडच ती, विचारायचं तेवढं राहून जाते.

या काठाले किसनराव म्हणून एक शेतकरी, त्याच्या गोठ्याचा अर्धा भाग मिळाला. एका अंगाले आम्ही, दुसऱ्या अंगाले म्हैस, मधात तुराट्यांचा कुड. पण तुम्हाले सांगते, सुख होतं हो! ताटात ताजी भाकर, पाटावर नवरा. हात ताटात! त्या दिवसांत त्यांनी काही म्हणजे काही तोललं नाही. म्हशीले माझं नाव पाठ झालं, एवढ्या वेळा हाक मारत.

अन् एक दिवस सांजच्याले आले ते तोंड उतरवून. म्हणाले, "मोगलाईतले गाड्यावाले नाक्याले कंटाळले. नदी उतरायले तयार नाहीत. शेटजी म्हणतात, आपणच त्यांच्या दारी काटा लावू, जकातीचं मी पाहून घेतो. पलीकडच्या काठाले जागा मिळाली त्यांना."

"कशी जागा?" मी विचारलं. आता मी बोलायले लागली होती ना.

"चांगली आहे म्हणतात. घर आहे, मोठं अंगण आहे, विहीर आहे, संगं वांग्याची वाडी…"

मी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी म्हशीकडं पाहिलं.

"वरीसभराचं ठरवून दिलं बाई मी," त्या म्हशीलेच म्हणाल्या. "एवढं भाडं कोण सोडते?"

तं आता असं आहे. माझा नवरा रोज सकाळी डोंग्यात बसून परमुलखात कामाले जाते. कुठं? स्वतःच्या घरी! आमच्याच आढ्याले काटा टांगला आहे, माझ्या चुलीजवळ बोजे रचले आहेत, अन् माझी वांगी शेटजीचा मुनीम खाऊन राहिला. नाकेदार आता जाताना मिशी झाडते अन् येताना पण झाडते. हंगाम वाढला तं हे तिकडंच निजणार म्हणे, आपल्याच अंगणात, पाहुण्यासारखे.

काल जेवण झालं, अन् हे कुडाले टेकून बसले. हात हळूहळू वर यायले लागले. "माय, एका पारड्यात हा गोठा…"

मी उठली, उद्याच्या भाकरीचं पीठ काढलं, कोनाड्यातला नारळ घेतला, अन् त्याले नवं कुंकू लावलं.