काल आणि आज यात काय बदललं

मिस्त्री : बस ताई, आता चावी नका फिरवू. तीनदा ऐकलं मी. गाडी लागते, दोन सेकंद गुरगुरते आणि मान टाकते. असंच ना?

लेक : सकाळपासून हेच चाललंय, मिस्त्रीदादा. अकराला अप्पांच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचंय. दवाखाना इथून तासाभरावर आहे, आणि सव्वानऊ इथेच वाजले.

अप्पा : पाय जड आहे हिचा. जास्त पेट्रोल पाजलं असेल.

लेक : मी पायसुद्धा लावला नाही, अप्पा.

अप्पा : मग तेच चुकलं. लावायला हवा होता.

मिस्त्री : अप्पा, तुम्ही त्या पायरीवर टेका बघू जरा. ताई, हॉर्न वाजवा. हं, खणखणीत आहे. दिवे लावा. झकास. म्हणजे बॅटरीला काही धाड भरलेली नाही. डावीकडचा आरसा नीट बसलाय ना अप्पा? त्या दिवशी घाईत...

अप्पा : बसलाय, बसलाय. तू इंजिनाचं बघ.

लेक : आरशाला काय झालं होतं?

अप्पा : काही नाही गं. सैल झाला होता.

मिस्त्री : बरं, मला हे सांगा. समोर तो लाल दिवा लुकलुकतोय, गाडीवर कुलूप असं चित्र असलेला. तो कधीपासून?

लेक : आजच बघितला. कसला आहे?

मिस्त्री : चोरासाठीचा. हिला वाटतंय तुम्ही चोर आहात.

अप्पा : घ्या! गाडीलासुद्धा कळतं कोण बसलंय ते.

लेक : अप्पा, पुरे झालं हं.

मिस्त्री : हसण्यावारी नका नेऊ, खरंच सांगतोय. चावीच्या त्या काळ्या डोक्यात एक चिप असते, तांदळाएवढी. इथे चावी लावायच्या भोकाभोवती तारेचं कडं आहे. चावी आत गेली की कडं विचारतं, कोण? चिप आपला नंबर सांगते. पटला तर इंजिन चालू राहील. नाही पटला तर गाडी दोन सेकंद गंमत बघते आणि पेट्रोल तोडते. आपली गाडी आत्ता तेच करतेय.

अप्पा : माझ्या बसला नव्हती असली नाटकं. एकतीस वर्षं चालवली, कुणी चोरली नाही.

मिस्त्री : साठ माणसं आत बसलेली असताना कोण चोरणार, अप्पा?

अप्पा : ते सोड. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय मी क्लचवरचा पाय उचलला नाही. एकदाही नाही. मागचं त्याला दिसायचं, पुढचं मला. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर व्हायचा.

लेक : दादा, दुसरी गाडी बोलवू का? उशीर होतोय.

अप्पा : मी भाड्याच्या गाडीत बसणार नाही. स्वतःची दारात उभी असताना?

लेक : बघा. मागच्या महिन्यातही असंच. मी म्हटलं मी चालवते, तर म्हणे आज डोकं दुखतंय, जाऊच नको. तारीख चुकली. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा तर गेल्यातच जमा आहे, पण उजवाही आता त्या आजारानं धरलाय. याला दर महिन्याला सुई गेलीच पाहिजे. आज चुकली तर पुढच्याची खात्री देत नाही म्हणाले.

अप्पा : डॉक्टरांना घाबरवायचाच पगार मिळतो.

मिस्त्री : ताई, लायसन मिळून किती दिवस झाले तुम्हाला?

लेक : तीन महिने. शेजाऱ्यांना सोडून आले, मैत्रिणीला स्टेशनवर घेऊन गेले. आमचे अप्पा तेवढे एकदाही शेजारी बसले नाहीत.

अप्पा : आज काय ठरलं होतं? जाताना मी, येताना ही. येताना माझ्या डोळ्यावर पट्टी असेल, ते मला कबूल. पण ही बया सकाळी आठलाच स्टिअरिंगवर जाऊन बसली.

मिस्त्री : बरं, बरं. माझी एक सवय आहे. गाडी उघडण्याआधी मी माणसांना एकच विचारतो. काल आणि आज यात काय बदललं? गाडी रात्रीतून आपोआप बिघडत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, आणि ते त्याला आठवत नसतं. काल शेवटची कुणी चालवली?

अप्पा : मी. संध्याकाळी सात वाजता आणून लावली. लोण्यासारखी चालत होती.

मिस्त्री : त्यानंतर कुणी धुतली? आत पाणी गेलं? नवीन टेप, चार्जर, असलं काही?

अप्पा : काही नाही.

मिस्त्री : ताई?

लेक : नाही... काही नाही.

मिस्त्री : मग चावी द्या इकडे. बघू तरी.

लेक : मी लावते ना. तुम्ही दिव्याकडे बघा.

मिस्त्री : मघापासून तुम्हीच लावताय. मूठ काही सुटत नाही तुमची. चावी हातात आल्याशिवाय मला काय कळणार?

लेक : चांगली आहे चावी. कालपर्यंत चालत होती.

मिस्त्री : गाडीसुद्धा कालपर्यंत चालत होती. बरं, राहू द्या. दुसरी चावी असेल ना? ती लावून बघू. तिनं लागली तर हिच्यात खोट, नाही लागली तर कड्यात. सोपा हिशेब.

लेक : दुसरी... ती सापडत नाही बहुतेक.

अप्पा : सापडत नाही? माझी किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. सदरा खुंटीवर. थांब, आणतो मी.

लेक : अप्पा, मी जाते.

अप्पा : बस. घरात चालायला अजून डोळे पुरतात मला.

(अप्पा भिंतीला डावा हात लावत सावकाश आत जातात. मिस्त्रीला घाई नाही. तो बॉनेटला टेकून फडक्यानं बोटं पुसतो आणि मुलगी स्वतःहून बोलेल याची वाट बघतो. अशा वेळी गाडीपेक्षा माणूस आधी बोलतो, हे त्याला धंद्यानं शिकवलेलं आहे.)

मिस्त्री : आता उघडा मूठ.

लेक : त्यांना सांगायचं नाही, दादा. शपथ आहे तुम्हाला.

मिस्त्री : आधी बघू तर द्या. अस्सं. एकाच कडीत दोन चाव्या. हीच अप्पांची ना? हिला दोरा गुंडाळलाय तो?

लेक : हो. बोटांना ओळखू यावी म्हणून त्यांनीच गुंडाळला. पहाटे खिशातून काढली मी. कुठे लपवणार? ते घरातली एक खुंटी, एक डबा सोडत नाहीत. म्हटलं, माझ्याच कडीत अडकवते, म्हणजे माझ्या हातातून तर जाणार नाही.

मिस्त्री : हाच तुमचा बिघाड. कडं विचारतं, कोण? आणि दोन चिपा एकदम ओरडतात, मी, मी! कुणाचंच धड ऐकू येत नाही. मग गाडी ठरवते, दोघंही चोर.

लेक : एवढंच?

मिस्त्री : एवढंच. एक चावी बाजूला काढली की लागेल. पण ताई, मुद्दा तो नाही. अप्पांच्या खिशातून का काढलीत?

लेक : काय सांगू तुम्हाला.

मिस्त्री : नका सांगू. मी चावी सोडवतो, वेगळी करून देतो, काही बोलत नाही.

लेक : काल दुकान बंद करून घरी येत होते. चौकात रस्ता ओलांडला, पट्ट्यांवरूनच, हिरवा माणूस बघून. उजवीकडून गाडी आली. थांबलीच नाही. माझ्या हातभर अंतरावरून गेली. मी मागे उडी मारली, पिशवी पडली. मान वर केली तर नंबर आपला. स्टिअरिंगवर अप्पा.

मिस्त्री : अरे देवा. त्यांनी...

लेक : बघितलंच नाही हो मला! सरळ निघून गेले. घरी आले तर म्हणतात, आज उशीर केलास, चहा टाकू का. मी काय बोलणार? एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही म्हणून डेपोनं दिलेलं घड्याळ अजून भिंतीवर आहे. त्या माणसाला मी सांगू, की काल तुम्ही मला मारणार होतात?

मिस्त्री : बसा जरा. पाणी घ्या.

लेक : मी होते म्हणून उडी मारली. उद्या एखादी म्हातारी असेल. मला रात्रभर तेच दिसत होतं.

मिस्त्री : मोठी पंचाईत करून ठेवलीत तुम्ही माझी. तुमच्या घरातली ही दुसरी शपथ.

लेक : दुसरी म्हणजे? पहिली कुणाची?

अप्पा : माझी. आरशाची. सांग तिला, मिस्त्री. नाहीतर मीच सांगतो.

लेक : अप्पा! तुम्ही कधी आलात?

अप्पा : मी गेलोच कुठे होतो? दाराआड उभा होतो. खिसा रिकामा आहे हे मला पहाटेपासून माहीत होतं. म्हटलं, मी इथे असेपर्यंत ही तोंड उघडायची नाही.

मिस्त्री : ताई, तीन आठवड्यांपूर्वी अप्पा गाडी घेऊन आले. डावा आरसा लोंबत होता. फाटकाच्या खांबाला लागला म्हणाले, हिला सांगू नको.

अप्पा : खांब जागचा हलला नव्हता. मला दिसला नव्हता. हजार वेळा त्या फाटकातून गाडी काढली असेल मी.

लेक : मला का नाही सांगितलंत?

अप्पा : तू मला काल का नाही सांगितलंस?

लेक : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

अप्पा : मीही तेवढ्याचसाठी नाही सांगितलं, माझं मलाच वाईट वाटलं असतं. चौक ओलांडल्यावर आरशात बघितलं मी काल. माणूस कोण ते कळलं नाही. निळी पिशवी दिसली, रस्त्यात पडलेली, आणि कुणीतरी वाकलेलं. म्हटलं, कुणाचं तरी सामान सांडलंय. घरी आलो, चहा केला. रात्री तू मोरीत दिवा लावून निळी पिशवी धूत होतीस.

लेक : अप्पा...

अप्पा : मग कसली झोप. तू पहाटे सदऱ्यात हात घातलास तेव्हा जागाच होतो. म्हटलं, घेतेय ते बरं करतेय. डोळे मिटून पडून राहिलो.

लेक : मग सकाळपासून मी चालवणार, मी चालवणार, असं कशाला?

अप्पा : तोंडानं सोडवत नव्हतं गं. दुसरं काय. चावी हातानं सुटली, तोंडानं सुटेना.

लेक : मी तशी चोरून घ्यायला नको होती. मागायला हवी होती.

अप्पा : मागितली असतीस तर दिली नसती मी. बरं केलंस.

मिस्त्री : मी जरा पलीकडे जाऊ का?

अप्पा : तू कुठे चाललास? गाडी लागलीय का अजून?

मिस्त्री : ही घ्या ताई. ही एकटी तुमची. अप्पांची माझ्या खिशात, चार हात लांब. लावा. आधी नुसती अर्धी फिरवा आणि दिव्याकडे बघा.

लेक : लुकलुकला... गेला. विझला!

मिस्त्री : ओळख पटली. आता पूर्ण फिरवा.

अप्पा : ऐका. हा आवाज. बंद नाही व्हायची आता.

मिस्त्री : नाही व्हायची. अप्पा, ही तुमची चावी. घ्या.

अप्पा : मला नको. घरात ठेवली तर एखाद्या दिवशी माझं पाऊल वाकडं पडेल. माझा काय भरवसा? तुझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला लाव. हिची हरवली तर हिला दे. मी मागायला आलो तर देऊ नको.

मिस्त्री : तुम्ही मागायला आलात तर मला नाही म्हणवेल का, अप्पा?

अप्पा : शिक म्हणायला. आम्ही नाही का शिकतोय?

लेक : दादा, तो दोरा तसाच राहू द्या त्या चावीवर.

मिस्त्री : राहील. निघा आता, साडेनऊ होतायत. आणि अप्पा, मागे बसू नका, पुढेच बसा.

अप्पा : पुढे म्हणजे डावीकडे. पंचावन्न वर्षांत या बाजूनं दार उघडलं नाही मी. हँडल कुठाय याचं?

लेक : थोडं खाली. हं, तिथेच. पट्टा लावा. थांबा, मी लावून देते.

अप्पा : माझा मी लावतो. तू पुढे बघ.

लेक : बघतेय.

अप्पा : आरसा तुझ्या उंचीला करून घेतलास? माझ्या उंचीचा असेल तो.

लेक : सकाळीच केला.

अप्पा : फाटकाचा खांब?

लेक : दिसतोय, अप्पा.

अप्पा : मला नाही दिसत. तुला दिसतोय ना, मग झालं. दारं लागली? मिस्त्री, सरक बाजूला.

लेक : निघू?

अप्पा : टण, टण. अगं, बघतेस काय अशी? डबल बेल दिली मी. चल.