तलावाचा सूर

...आणि वर मलाच विचारतात, "व्यवस्थापक, खुर्च्या ओल्या कशा?" आता तुम्हीच सांगा, पोहण्याच्या तलावाच्या काठावर मांडलेल्या खुर्च्या ओल्या नाही होणार तर काय कुरकुरीत राहणार? पण नाही, तोंडातून ब्र काढायचा नाही, हसायचं, टॉवेल घ्यायचा, खुर्ची पुसायची, बसा म्हणायचं, आणि तो माणूस बसला की त्याच टॉवेलने आपलं कपाळ पुसायचं... का? तर आपली संस्था सेवाभावी आहे.

हे वाक्य माझं नाही हं. आमच्या अध्यक्षांचं. छातीवर हात ठेवून, डोळे अर्धवट मिटून, असं काही हळुवार म्हणतात की समोरच्याला वाटावं, आपण काही मागितलं हीच आपली चूक. पण मागणाऱ्याला नाही वाटत, मला वाटतं. कारण मागणारा मागून मोकळा होतो, अध्यक्ष वाक्य म्हणून मोकळे होतात, आणि निस्तरायला मी.

तुम्हाला सांगतो, झालं काय, आमच्या गावात पालिकेने एकाच छपराखाली तीन गोष्टी बांधल्या. पोहण्याचा तलाव, वाचनालय आणि सभागृह. बांधल्या, फीत कापली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की या चालवाव्याही लागतात. मग हे भिजत घोंगडं कुणाच्या गळ्यात मारायचं? तर आमच्या संस्थेच्या. लोकांचं आरोग्य, लोकांची करमणूक, लोकांची संस्कृती, सगळं संस्थेकडे. आणि संस्थेचं सगळं माझ्याकडे.

लोक तरी कसले एकेक. एक बाई वाचनालयाचं पुस्तक घेऊन आल्या, पुस्तक कसलं, लगदा. म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणतात, "तुमच्याच तलावात पडलं. तुमच्याच इमारतीत. म्हणजे परत केल्यासारखंच झालं की नाही?" मागे अध्यक्ष उभे. त्यांचा हात छातीकडे निघालेला मला दिसला. मी म्हटलं, हो बाई, झालं परत, धन्यवाद. आणि तो लगदा बॉयलरवर वाळत घातला.

हां, बॉयलर. मूळ सगळं तिथे आहे. इमारत मोठी, पण बॉयलर एक, आणि त्याचा व्हॉल्व्हही एक. इकडे फिरवला की तलाव गरम, तिकडे फिरवला की सभागृह गरम. दोन्ही एकदम नाही. का नाही? ते मला नका विचारू, बॉयलर दुरुस्त करणाऱ्याला विचारा, तो नुसता बॉयलरकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि माझीच जास्त कीव आल्यासारखा निघून जातो. तर थंडी पडली आणि प्रश्न आला, ऊब कुणाला द्यायची. तलावावर पोहणं शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणतात, कारण त्या बोलतात कमी आणि वाजवतात जास्त. त्या आल्या, एक लांब शिट्टी मारली आणि म्हणाल्या, "पोरं निळी पडतायत." संपलं. व्हॉल्व्ह तलावाकडे.

आणि सभागृहात तालीम कुणाची? हौशी गायन मंडळाची. तिथे इतकं गारठलेलं की मंडळी ब्लँकेटं गुंडाळून गायला उभी राहायची. दात वाजायचे, ते तेवढे तालात. मग मंडळ अध्यक्षांकडे गेलं. अध्यक्षांचा हात छातीवर. मला कळलं, आता काहीतरी माझ्या डोक्यावर बसणार. आणि बसलं. "मंडळाची तालीम तलावाच्या काठावर होऊ दे. जागा उबदार आहे. आपली संस्था सेवाभावी आहे."

पहिल्या दिवशी मी कानात बोटं घालायच्या तयारीनेच गेलो होतो. कारण हे मंडळ मी ओळखून आहे. चांगली माणसं, अगदी देवमाणसं, पण गायला लागली की कुणी पुढे पळतोय, कुणी मागे राहिलाय, एक निवृत्त पोस्टमन तर नुसतं तोंड हलवतात, आवाजच काढत नाहीत, आणि सगळ्यांचं म्हणणं, तेच बरे गातात. तर ते काठावर उभे राहिले. सरांनी, म्हणजे गाणं शिकवणाऱ्यांनी, हात वर केला... आणि तुम्हाला सांगतो, माझी बोटं तशीच हवेत राहिली. काय ते ऐकू आलं! एक सूर सुटला की तो समोरच्या भिंतीवर जायचा आणि येताना भावंडांना घेऊन यायचा. जो पळत होता त्याला मागून येणारा सूर गाठायचा, जो मागे होता तो त्याच्यात मिसळून जायचा. कुणी शब्द विसरला तर आधीची ओळ अजून छताखाली फिरतच असायची, तिच्यात खपून जायचं. पोस्टमनकाकांनी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज काढला. स्वतःच दचकले आणि मग थांबेनात.

झालं, मंडळींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मान वर करून, डोळे मिटून गायला लागली. मधे शिट्टी वाजायची, पण शिट्टीसुद्धा सुरात वाटायची.

आता खरी गोष्ट सांगतो. या मंडळात मागच्या रांगेत माझी बायको आहे. संख्या भरायला घेतली होती. तिला एक थोरली बहीण, आम्ही ताई म्हणतो, ती माहेरची गाणारी. घरी कुणी आलं की "ताई, म्हण गं काहीतरी", आणि ही आत पाण्याचे पेले भरत उभी. हिला कुणी म्हण म्हटलंच नाही कधी. आणि एके दिवशी काठावर सरांनी तालीम थांबवली, हिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "वार्षिक कार्यक्रमात या चार ओळी तुम्ही एकट्यांनी म्हणायच्या."

त्या दिवशी घरी आल्यावर हिने चहा ठेवला, चहा उकळून उकळून आटला, तरी ही भांड्याकडे बघून हसतेय. मग फोन उचलला आणि ताईला म्हणाली, "ताई, मी गाणार आहे. तू ऐकायला ये. पहिल्या रांगेत बस." एवढंच. फोन ठेवला आणि आटलेल्या चहाचं भांडं माझ्यापुढे आणून ठेवलं. आणि मी, मी भाजी चिरायला घेतली, कारण मला तिच्याकडे बघवेना.

कारण मला माहीत होतं ना, कार्यक्रम सभागृहात आहे. रीतसर, पडदा, दिवे, त्या दिवसापुरता व्हॉल्व्ह तिकडे. आणि ते सभागृह मी ओळखतो. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, खुर्च्यांना गाद्या. तिथे शेजारचा शिंकला तरी आपल्याला कळत नाही. तरी म्हटलं, होईल काहीतरी. पण कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात सर एकटेच मंचावर गेले, एक ओळ म्हणून पाहिली, आणि सरळ माझ्या खोलीत आले. चेहरा पांढराफटक. दार लावून घेतलं.

"व्यवस्थापक," म्हणाले, "ते सभागृह खोटं बोलतंय."

मी म्हटलं, "सर, सभागृह नाही. तलाव खोटं बोलत होता."

मग ते खुर्चीत खाली सरकले आणि म्हणाले, "माझाही सूर?" मी म्हटलं, सर, तुमचा थोडाच.

आता काय करायचं? मंडळींना सांगायचं? बायकोला सांगायचं, की अगं, तू नाहीस गात, फरशी गाते? माझी नाही हिंमत झाली. तुमची होते का बघा. मग मी आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांकडे स्वतःहून गेलो, हात छातीवर ठेवला, डोळे अर्धवट मिटले आणि म्हटलं, "साहेब, पोहणारे बिचारे संस्कृतीपासून वंचित राहतात. कार्यक्रम तलावावरच घेऊ या. आपली संस्था सेवाभावी आहे." अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "इतकी वर्षं मी वाट पाहत होतो, तुम्हाला हे कधी उमगेल याची."

पण शिट्टीबाई. त्या म्हणाल्या, "पोरांची वेळ आहे. पोरं पोहणार." मी हातापाया पडलो. अखेर तोडगा निघाला, अर्ध्या तलावात पोरं पोहतील पण आवाज न करता, आणि बाई शिट्टी तोंडात धरतील पण फुंकणार नाहीत. "आणि एक," बाई म्हणाल्या, "काठावर रबरी टोपीशिवाय प्रवेश नाही. नियम म्हणजे नियम. पाहुण्यांनाही."

तुम्ही डोळ्यांसमोर आणा हो. झाडून सगळे प्रेक्षक नटूनथटून आलेले, पायांत काही नाही, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर रबरी टोपी. कुणाची लाल, कुणाची पिवळी. ताई आली, हा एवढा मोठा अंबाडा बांधून, गजरा माळून, त्यावर जांभळी टोपी चढवता चढवता आम्ही दोघं घामाघूम. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ताई आता हिला आमच्या लग्नाचा फेरविचार करायला लावणार. आणि टोप्या कानांवरून, म्हणजे निम्म्यांना ऐकू येईना. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले, म्हणाले, "आपली संस्था सेवाभावी आहे," आणि तलाव सुरू झाला... सेवाभावी आहे, भावी आहे, आहे, आहे... अध्यक्षांचं वाक्य संपलं, तलावाचं संपेना. लोकांना वाटलं भाषण संपलं, टाळ्या. अध्यक्षांनी परत सुरुवात केली, परत तेच, परत टाळ्या. शेवटी ते खूश होऊन बसलेच.

मग गाणं. आणि गाण्याच्या मधोमध हिच्या चार ओळी. सगळे थांबले. ही एक पाऊल पुढे आली. रबरी टोपी, चेहरा घामेजलेला, हाताची बोटं पदरात गुंतलेली. मी भिंतीला पाठ लावून उभा, टॉवेल हातात घट्ट धरलेला. आणि तिने सूर लावला.

काय सांगू तुम्हाला. तलावाने काय केलं असेल ते असो. पोहणारी पोरं हातपाय मारायची थांबली आणि काठाला धरून तरंगत राहिली. शिट्टीबाईंच्या तोंडातली शिट्टी खाली पडली, त्यांना कळलं नाही. ताईने... ताईने हळूच टोपी एका कानावरून वर सरकवली. मग दुसऱ्या. मी तिच्याकडेच बघत होतो. गाणं संपलं तरी तिने टोपी खाली केली नाही. पुढे गेली, हिला मिठीत घेतलं आणि म्हणाली, "एवढी कधी शिकलीस गं? मला सांगितलंस का नाही कधी?" आणि दोघी रडायला लागल्या. मीही रडलो. कशाला लपवू? टॉवेल हातातच होता.

घरी निघालो चालत. कोपऱ्यावर आल्यावर ही थांबली. म्हणाली, "अहो, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"मी गात होते, की तलाव?"

इतकी वर्षं या संस्थेत काढली, पुस्तकाच्या लगद्याला पुस्तक म्हटलं, ओल्या खुर्चीला कोरडी म्हटलं. पण हे काही तसं नव्हतं. तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "तू. तूच गात होतीस."

आणि मला ते खरंच वाटलं हो त्या क्षणी. तिचा चेहरा असा काही उजळला की मी म्हटलं, चला, सुटलो.

कसला सुटतोय. ही म्हणाली, "मग ठरलं. ताई म्हणतेय, पाण्याच्या काठावर कसलं ऐकायचं, तुला खऱ्या मंचावर ऐकायचंय मला. पुढच्या वर्षी सभागृहात. मंडळाला विचारलं, सगळे तयार आहेत. आणि आता चार ओळी नाही, अख्खं गाणं मी एकटी म्हणणार." अध्यक्षांनाही विचारून झालं होतं. त्यांचा हात कुठे गेला असेल ते वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. गालिचा काढून पाहिला, काही फरक नाही. भिंतीचं कापड काढलं, तर मागे भिंतच जेमतेम. शेवटी काल तो बॉयलरवाला आला होता, त्याला हळूच बाजूला घेतलं. म्हटलं, काका, हसू नका, पण या सभागृहात पाणी भरता येईल का? तो हसला नाही. खाली पाहिलं, वर पाहिलं, पायरीवर बसून हिशेब केला. म्हणाला, "भरता येईल. पण साहेब, उतार मंचाकडे आहे. सगळं पाणी गाणाऱ्यांच्या गळ्यापर्यंत येईल. त्यांना पोहता येतं का?"

मी म्हटलं, "नाही हो. तेही येत नाही."