वोलेरोला किती वेळा विकलं

—ते राहू द्या होस्टसभाऊ, मडक्यांचं नंतर बोलू. आधी मला सांगा, विश्वास ठेवायचा तर कोणावर? माणसाच्या आठवणीवर, की चौकात लावलेल्या काशाच्या पत्र्यांवर? हसू नका, खरंच विचारतोय. बसा त्या टोपलीवर, आत मीठ आहे, मोडत नाही. चीज घ्या. सबाइन डोंगरातला एक गिऱ्हाईक देतो मिठाच्या बदल्यात— माणूस असा की टोपली काठोकाठ भरली तरी वर दोन मुठी मागणारच, म्हणून मी दोन मुठी आधीच काढून ठेवतो. तोही खूश, मीही खूश. घ्या ना. बरं, मग घ्या.

तर ते पत्रे. त्यांच्यासाठी आपणच घसा फोडला होता, आठवतं? कायदा सगळा बड्या घराण्यांच्या डोक्यात— आज एक सांगणार, उद्या दुसरं, विचारलं तर म्हणणार वाडवडिलांपासून असंच आहे. आपण म्हटलं, लिहा आणि टांगा, आम्हालाही दिसू दे. टांगले एकदाचे. आणि आपल्या लोकांत वाचता कोणाला येत होतं? या मेटियसला. ग्रीक व्यापाऱ्यांच्या रांजणांवरच्या खुणा बघून बघून शिकलो मी अक्षरं, गुरू नाही की काही नाही. बाजाराच्या दिवशी चौकात उभा राहायचो, लोक ओंजळभर ऑलिव्ह आणायचे— मेटियस, माझ्या कुंपणाचं काय लिहिलंय, मेटियस, माझ्या बैलाचं काय. एक ओळ तर मी इतक्यांना वाचून दाखवली की झोपेत विचारलं तरी सांगेन. बापाने मुलाला तीनदा विकलं, तर मुलगा बापापासून मोकळा. लोकांना वाचून दाखवली हो. स्वतःशी कधी मोजलं नाही. कोण मोजतो? सगळेच करतात— अडचण आली, पोरगा दिला कोणाच्या शेतावर, त्याने राबवला, सोडला, पोरगा परत घरी, परत बापाच्या हुकमात. बैल उसना द्यावा तसं वाटतं ते.

गेल्या बाजारी माझा वोलेरो परत आला. उंबऱ्यातच उभा. पडशी खांद्यावरून उतरवली नाही. मी म्हटलं, ये, पेज गरम आहे. म्हणाला, "तीन झाले, बाबा." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याशी सौदा करता येतो. मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, तीन. आता उद्या सकाळी न्यायासनापुढे ठरायचंय, दोन की तीन. तीन ठरले तर तो माझा नाही— माझ्या मिठातला खडा त्याला मिळायचा नाही, माझ्यामागे घरच्या देवांपुढे तो उभा राहायचा नाही. हे त्याला माहीत नाही असं नाही. सगळं सोडून जातो म्हणतो, आणि तरी म्हणतो तीन. सत्तावीस वर्षांचा बाप्या, आणि काय मागतो, तर मी त्याचा कोणी नको.

दुसरी-तिसरी विक्री नाकारता येत नाही, साक्षीदार जिवंत आहेत. प्रश्न पहिल्या विक्रीचा. पाच साक्षीदार होते आणि सहावा तराजू धरणारा. चार तापाच्या साथीत गेले. तराजूवाला वेईच्या लढाईत. घेणारा शेतकरीही गेला. उरलात तुम्ही.

खोटं बोला असं मी म्हणतच नाही. खोट्या साक्षीला कडा आहे, खाली ढकलतात, तीही ओळ मीच लोकांना वाचून दाखवलीय. आणि साक्षीला नाहीच म्हटलं तर पुन्हा तुमच्या कुठल्या व्यवहाराला कोणी उभा राहणार नाही, तेही ठाऊक आहे. पण विसरणं वेगळं ना? अठरा वर्षं झाली. म्हातारा माणूस म्हणाला, आठवत नाही बुवा, तर त्याला कोण ढकलतंय? तुम्ही मागे एकदा स्वतःच घडवून विकलेलं मडकं बाजारातून विकत आणलं होतं, सगळं गाव हसलं होतं. विसराळू म्हणून नाव आहेच तुमचं. म्हणून म्हटलं.

असे बघू नका. नाव बुडाली होती माझी, होस्टसभाऊ, नदीला पूर होता, सगळ्या हंगामाचं मीठ पाण्यात विरघळलं— मिठाचं असं असतं, बुडालं की वर काढायलाही काही उरत नाही. तेव्हा विकला. नऊ वर्षांचा होता. पण ती गरज होती. दुसऱ्यांदा लोहाराकडे दिला तो या कोठाराच्या छपरासाठी, छप्पर गळत असेल तर मीठ राहतं का? आणि आता वसंतात दिला तो— नाव मोठी घ्यायची होती. जुनी चालत होती तशी. पण मोठी बरी पडते. आणि खरं सांगू, त्याला बाहेर मान आहे, कामाचा आहे, परवाच बैलबाजारात एकाने विचारलं, तुमचा वोलेरो सुटून आलाय म्हणे, पुढच्या पेरणीला देता का, तर मी म्हटलं, उद्याचं एकदा निस्तरू दे, मग बोलू, भाव काय—

तुम्ही चीजला हात लावला नाहीत.

तसं नव्हतं म्हणायचं मला. तोंडातून गेलं. धंद्याची सवय.

काय करताय? कान चोळताय. त्याच कानाला मी हात लावला होता, नाही का? साक्षीदाराच्या पाळीला धरायचं आणि म्हणायचं, ध्यानात ठेवा. त्या शेतकऱ्याने पोराच्या दंडाला धरलं, म्हणाला, हा माझा, या तांब्याने आणि या तराजूने घेतलेला, आणि तांब्याचा तुकडा पारड्यावर वाजवला. ते वाजलं तसा वोलेरो माझ्याकडे बघून म्हणाला, बाबा, कधी न्यायला येणार? मी म्हटलं, अंजिरं पिकली की. तुम्ही बाजूलाच होतात. ऐकलंत तुम्ही. दोनदा अंजिरं पिकली. मी गेलो नाही. नदी ओलांडली की दीड दिवसाची वाट होती, मीठ घेऊन त्याच वाटेने डोंगरात जायचो मी, त्या शेताच्या बांधावरून. मान खाली घालून जायचो, कारण हाक मारली असती त्याने. एकदा मारलीही.

हे कोणाला सांगितलं नव्हतं. का सांगितलं कोण जाणे.

उठा तुम्ही. भट्टी विझत असेल. ते चीज पोरींना न्या— न्या हो, लाच नाही, आता कसली लाच. आणि उद्या तिथे विचारतील ना, तर माझ्याकडे बघू नका, वोलेरोकडेही नको. त्या पारड्याचा आवाज आठवा. त्या दिवशी ते वाजलं की नाही, तेवढंच सांगा. हिशेब खरा ठेवा, होस्टसभाऊ. माझ्याकडून ठेवला गेला नाही.

जा आता. दार ओढून घ्या, दमट हवेने मिठाला पाणी सुटतं.