सांताक्रूझ ते हिरवं गेट

—नाई गा ओमबाबू, सांताक्रूझच्या इमानतळाहून बंदरावर जायले बसचा तर विचारही करू नको. बस जाते ना, जाते, पण कंडक्टर पेटी पाहूनच घंटी मारते. टॅक्सीच करजो, काळी-पिवळी. अन् इमानातून उतरल्या-उतरल्या सामान हाती येत नाई, हे ध्यानात ठेव—आपण बैलबंडीतून उतरवून घेतो तसं नाई ते—ठेल्यावर येते मांगून, मंग चिठ्ठी दाखवून घ्या लागते. तुह्या पेट्या किती? तीन? अन् सुनबाई तुह्यासंग, तिची वळकटी. मोंबासाले काकाचं दुकान सांभाळायले जाऊन राह्यला का संसार मांडायले? बरं, बरं. एक टॅक्सी पुरन, पण दोर घरून नेजो. हसू नको. टॅक्सीवाल्यापाशी सुतळी राह्यते. आम्ही बापलेकानं त्याच सुतळीवर भरोसा केला, अन् माहीमच्या खाडीपाशी टपावरची पेटी अशी तिरपी झाली—म्या म्हटलं, थांब बापा, थांब. उतरलो, अन् बंडीवर कापसाचं बोझं आवळतो तसं आवळलं, डोक्याचा दुपट्टा सोडून. हो, डोक्याचाच. दुसरं काय होतं मापाशी? ते जाऊ दे. पुढचं ऐक.

पुढे दादर, मंग भायखळा, मंग ते मोठं टेशन, तिथून डाव्या अंगाले. बंदराले गेटं गंज आहेत, एक नाई दोन नाई, रंगावरून नावं. टॅक्सीवाला पिवळ्या गेटावर उतरवून मोकळा व्हायले पाह्यते. तू ठासून सांगजो, हिरवं गेट. अन् तो पिवळ्या तापाच्या सुईचा कागद खिशात ठेवजो, पेटीत नाई. आमच्यापुढं एक जण होता, त्यानं पेटीत ठेवलेला—तिथंच बसला गाठी सोडत, बायकोची लुगडी, पितळी डबे, सारं रस्त्यावर. त्याची बायको त्याले असं बोलून राह्यली होती का गेटावरचा शिपाई दुसरीकडे पाहे.

माह्या बंडूले काय, तो जहाजावरचा नोकरीवाला, त्याचं खलाशाचं कार्ड होतं. कंपनीनं कलकत्त्याहून इमानानं आणला त्याले, सकाळी उतरला अन् दुपारी जहाजावर. म्या वर्ध्याहून गाडी धरून आदल्या दिवशीच जाऊन बसलो होतो, सांताक्रूझच्या जाळीच्या बाहेर. दीड साल कलकत्त्यात राहून वाट पाह्यली पोरानं त्या नोकरीची. भटारखान्यात आहे. तुमच्याच जहाजावर, भेटनच तुले... हो. त्याच्या आईची तेरवी होऊन चार दिवस झाले होते तवा. हो ना, एकुलता एक तो, लाडाचाच होता देवकाचा. हो, ऐकून घेतलं त्यानं. मोठा झाला आता, ऐकून—

नाई ओमबाबू. तुह्यासमोर कायले खोटं बोलू. ऐकलंच नाई त्यानं. म्या सांगतलंच नाई.

गावाले वाटते, सांगतलं. वाटू देल्लं म्या. शेजारचा तानबा म्हणत होता, तार करा. म्या म्हटलं, तार नको, परमुलखात एकटा आहे, मी सोता जातो, तोंडानं सांगतो. त्यासाठीच गेलतो ना! सांताक्रूझहून हिरव्या गेटापर्यंत दीड तास लागते. दीड तासात दोन शब्द सांगायचे होते. मिशी तर त्यानं उतरल्या-उतरल्याच पाह्यली—हसला, म्हणे, "बाबा, मिशी कुठी ठेवून आले?" म्या म्हटलं, न्हाव्याचा वस्तरा सटकला. पण माहीमले दुपट्टा सोडला तं डोकस्कं उघडं पडलं, सफाचट. मांगून मोटारी बोंबलून राह्यल्या, टॅक्सीवाला म्हणे, बाबाजी जल्दी करो, अन् पोरगा नुसता पाहून राह्यला. तोंड पांढरं. म्हणे, "बाबा, आई?" पाह्य, त्यानंच वाट काढून देल्ली होती. मले नुसती मान हलवायची होती. अन् माह्या तोंडातून निघालं—केळझरच्या गणपतीले नवस बोललो होतो म्हटलं, तुह्या नोकरीसाठी, केस देईन म्हणून. आई खुशीत आहे.

तो तिथंच रस्त्यावर माह्या पाया पडला.

मंग टॅक्सीत पुसत बसला. गुडघा कसा आहे आईचा, गाय व्याली का, चुलीपाशी एकटीच बोलत बसते का अजून. म्या सांगत गेलो. गुडघा बरा आहे. कालवड झाली. बोलते. भायखळ्यापर्यंत असं सांगतलं ना म्या, का मलेच वाटे, घरी गेलो का दारात उभी राहीन, पोचला का पोरगा म्हणून विचारीन. लाल दिव्यापाशी गाडी थांबली का बरं वाटे. तवापासून मनाले सांगत आलो, नोकरीसाठी लपवलं, जहाज सुटलं असतं पोराचं. ते खरं आहे. पण तेवढंच खरं नाई.

पत्रं? वर्ध्याच्या पोष्टापुढं एक जण लिहून देते, त्याच्याकडून लिहवतो. आपले अण्णाजी मास्तर देतीन ना लिहून, पण ते तिले खांदा देऊन आलेले. त्याहिच्या हातानं 'आई बरी आहे' कसं लिहवू? वर्ध्याचा माणूस काही पुसत नाई.

आता परवा पत्र आलं त्याचं. जहाज मंगळवारी लागते, शुक्रवारी निघते, सुट्टी नाई. म्हणते, आईले घेऊन मुंबईले या, तिले जहाज दाखवतो. म्हणून तू रस्ता विचारायले आला तवा मनात म्हटलं, बरं झालं. तू त्याले म्हणजो, आईचा गुडघा सुजला, प्रवास जमला नाई. एवढंच. गल्ल्यावर बसणारा माणूस तू, तुले गोड बोलता येते...

खाली काऊन पाहून राह्यला?

हो. दहा दिवस एका जहाजावर. रोज दिसन तो तुले, रोज पुसन. अन् सुनबाईलेही खोटं बोला लागन. तिनं तर—हो, तिनंच शेवटचं न्हाऊ घातलं देवकाले. माह्या ध्यानात नाई आलं. खरंच नाई आलं.

बरं. नको म्हणू काही. शुक्रवारी निघते म्हणजे गुरुवारी तिथं पाह्यजे. मीच येतो. नाई, तुमच्या टॅक्सीत नाई, टॅक्सीत मले बोलता येत नाई. मी रेल्वेनं येतो, गेटाबाहेर बोलावून घेतो त्याले. जहाज सुटलं तं सुटलं. तू एवढंच कर—मी सांगेस्तोवर त्याच्यासमोर येऊ नको. तुह्या तोंडावर दिसते.

जा आता. सुनबाई खोळंबली असन. नाई, पाणी नको, काही नको. जा म्हटलं ना. दार ओढून घेजो.